मुकादमांची गाडी

माणसं एकमेकांना भेटली की "काय, बरं आहे ना?" असं विचारतात. आमचे घरमालक "तिकीट काढलंस का?" असं विचारायचे. लग्नात विचारायचे, मासळीबाजारात विचारायचे. एकदा तर खाडीकाठी दहाव्याला आलेल्या एका थकलेल्या पाहुण्याला त्यांनी तेच विचारलं आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय बोलून गेलो याचा मालकांना पत्ताच नव्हता. पाहुणा येताना गाडीचं तिकीट काढून आला की तसाच आला, एवढंच त्यांना हवं होतं.

गाव त्यांना मुकादम म्हणायचं. तरुणपणी ते मिठागरावर मुकादम होते. मिठागर बंद पडलं, तिथे चिखल आणि झुडपं माजली, पण नाव राहिलं. उंच, काटकुळे, उन्हाने रापून काळेठिक्कर पडलेले. गावात फिरताना खाकी हाफ पँट आणि बंडी, साहेबाला भेटायला जायचं असलं की धोतर, आणि बाराही महिने छत्री. तोंडावर मी त्यांना काका म्हणायची, माघारी मुकादम.

मी मूळची सातारकडची. नव्वदच्या दशकात आम्ही वसईत फ्लॅट बुक केला, म्हणजे बिल्डरच्या तोंडाकडे बघत बसायचं काम पत्करलं. ताबा आज देतो, उद्या देतो, गणपतीला देतो, कुठल्या गणपतीला ते सांगत नाही. माझी नोकरी वसईत आणि ह्यांची भिवंडीकडे एका गोदामात. दोघांना मधलं पडावं म्हणून वसई-दिवा लाइनवरच्या या खाडीकाठच्या गावात आम्ही मुकादमांची पडवीलगतची खोली भाड्याने घेतली. गावाला स्टेशन नव्हतं, हॉल्ट होता. हॉल्ट म्हणजे एक बुटका फलाट, एक पत्र्याची शेड, एक भेंडीचं झाड आणि कमिशनवर तिकिटं विकणारा गावातलाच एक एजंट. तो बिडी-काडी आणि चणे विकायचा आणि त्यातून सवड मिळाली तर तिकिटं. वसईकडे जाणारी सकाळची पहिली गाडी यायची नऊ वाजून गेल्यावर. माझं ऑफिस साडेदहाचं, त्यामुळे मला ती पुरायची. मुकादमांना ती पुरत नव्हती. त्यांना सात वाजायच्या आधी एक गाडी हवी होती, आणि ती मिळवण्यापायी त्या माणसाने स्वतःला, बायकोला, गावाला आणि भाडेकरू म्हणून मलाही नको जीव करून सोडलं होतं.

कारण त्यांनी मला स्वतःहून कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने सांगितलं, भाकऱ्या थापता थापता. मुकादमांना एक मुलगा आणि दोन मुली. थोरली दहावीला शाळेत पहिली आली होती. पुढचं कॉलेज वसईला आणि ते भरायचं सकाळी साडेसातला. एसटी गावात यायची दहाला. हायवेपर्यंत अंधारात चालत जाऊन सहा आसनी रिक्षात कोंबून घ्यायचं, ते गावातली पोरं करायची, पोरींना कोण पाठवणार? थोरली घरी बसली. वर्षाच्या आत तिचं लग्न लागलं. "तवापासून ह्येंचा असा," बाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. आता धाकटी दहावीला होती. तिच्या वेळेला गाडी आली पाहिजे, हे मुकादमांनी मनाशी धरलं होतं, आणि त्या माणसाने एकदा धरलं की सोडायची पद्धत नव्हती.

मुकादमांची शाळा चौथीपर्यंत. म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी जेवणं झाली की ते पडवीत उकिडवे बसायचे, छत्री आडवी मांडीवर, आणि सांगायचे, "लिव." मी लिहायला लागले की पहिल्या ओळीलाच अडायचं.

"साहेबाला पयला इचार, घरची बरी हायत का."

"काका, हा सरकारी अर्ज आहे. त्यात असं विचारत नाहीत."

"का? साहेबाला घर नाय?"

"असेल हो. पण विचारत नाहीत."

"माझ्या दारात कोन काय मांगाला आला, आन त्यानं मना बरा हायस का इचारला नाय, तं मी त्याला देन का?"

मी लिहायची. आमचा प्रत्येक अर्ज 'आपण व आपल्या घरची मंडळी खुशाल असाल' असा सुरू व्हायचा. दोनचार महिन्यांनी कधीतरी छापील उत्तर यायचं की आपली मागणी विचाराधीन आहे. मी वाचून दाखवायची. मुकादम शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "घरच्यांचा काय कलवला नाय." त्यांना खरोखर वाईट वाटायचं. एकदा तर त्यांनी मला लिहायला लावलं की मागच्या पत्रात आपण घरच्यांविषयी काही कळवलं नाही, तरी काळजी वाटते. मी लिहिलं. ह्यांनी ते वाचून डोक्याला हात लावला.

पण अर्जावर त्यांचा खरा भरवसा नव्हताच. त्यांचा भरवसा शिंपल्यांवर. मिठागरात डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बाया बोटीकडे जायच्या, तेव्हा मुकादम वाटेवर बसून एका पाटीला एक शिंपली या पिशवीतून त्या पिशवीत टाकायचे. संध्याकाळी दुसरी पिशवी मोजली की किती पाट्या गेल्या ते कळायचं. "कागद भिजतो, पेन आटतो, मानूस खोटा बोलतो. शिपलीला काय व्हत नाय." तसंच त्यांनी गाडीचं सुरू केलं. भेंडीखाली दोन पिशव्या घेऊन बसायचे आणि हॉल्टवर जो चढेल त्याच्या नावाने एक शिंपली. गाडीच्या वेळेला कुणी बोलायला गेलं तर हाताने गप्प करायचे, ओठ हलत असायचे. तान्ह्या पोराला घेऊन बाई चढली की त्यांची पंचाईत व्हायची. मग ते एक छोटीशी, नखाएवढी शिंपली शोधून टाकायचे.

असं त्यांनी पावसाळा सोडून सगळं वर्ष केलं. धाकटी दहावी पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी, आणि गाडी काही आली नव्हती. तेव्हा मुकादम म्हणाले, "आथा मीच जातंय. तू चल."

मी रजा टाकली. मुंबईतल्या रेल्वेच्या त्या मोठ्या कचेरीत आम्ही तीन तास बाकावर बसलो. मुकादम धोतरात, पायाशी शिंपल्यांची पोती. हो, पोती. वर्षभराच्या आणायच्या तर टेम्पो लागला असता म्हणून त्यांनी शेवटच्या एका महिन्याच्या तेवढ्या आणल्या होत्या, तरी दोन गोणपाटं भरली होती. शिपायाला वाटलं आम्ही कालवणाच्या तिसऱ्या विकायला आलो आहोत. आत गेल्यावर साहेब म्हणाले, बोला. मी बोलायला तोंड उघडते आहे तोवर मुकादमांनी एक गोण उचलली आणि साहेबांच्या काचेच्या टेबलावर रिकामी केली.

आवाज असा झाला की बाजूच्या खोलीतली माणसं धावत आली. शिंपल्या फायलींवर, फोनवर, साहेबांच्या मांडीवर. मला वाटलं, आता आपली वरात थेट पोलीस चौकीत. मुकादम हात जोडून म्हणाले, "मोजा साहेब. एक मानूस, एक शिपली. ही वाईच ल्हान हायत ती पोरां."

साहेब भला माणूस निघाला. त्याने मांडीवरची शिंपली उचलली, उलटसुलट बघितली, हसला. मग हसू आवरून त्याने एक रजिस्टर मागवलं. आमच्या हॉल्टचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. "ताई, तुम्ही वाचा. तुमच्या हॉल्टवर दिवसाला इतकीच तिकिटं जातात. या शिंपल्या खऱ्या असतील तर तुमचं निम्म्याहून जास्त गाव फुकट फिरतंय. मी गाडी मागायला वर गेलो तर मला हे पान दाखवतील. शिंपल्या मी कुठल्या फायलीला लावू?"

मी मुकादमांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. साहेब खरं बोलत होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मुकादम खाली बसले आणि एकेक शिंपली वेचून गोणीत भरायला लागले. साहेबही खुर्चीतून उठून त्यांच्यासोबत वेचायला लागले. मला तर रडूच आलं. निघताना साहेब म्हणाले, "तिकिटं विकली जाऊ द्या. वर्षभराची विक्री दिसली की मी स्वतः शब्द टाकीन." दारात मुकादम थांबले आणि त्यांनी विचारलं, "घरची बरी हायत ना?" साहेब गडबडले. म्हणाले, "हो हो, बरी आहेत." येताना गाडीत मुकादम तेवढ्याने खूश होते.

गावाने तिकीट न काढण्याला कारण होतं, आणि ते नुसता फुकटेपणा म्हणून झटकून टाकण्यासारखं नव्हतं. लाइन टाकली तेव्हा गावाची खाजणं, म्हणजे खाडीकाठची भातशेतं, तिच्याखाली गेली होती. पैसे मिळाले, पण पैशाचं काय, ते आले आणि गेले. तेव्हापासून गावात एक समज पक्का बसला होता की गाडी आपल्या शेतातून जाते, तिला आपण तिकीट कसलं द्यायचं? वसईला भाजी विकायला जाणारी एक म्हातारी होती, मुकादमांची चुलतबहीण. ती टोपली उतरवून कमरेवर हात ठेवायची. "माझ्या बापसाच्या छातीवरशी जाते ही तुझी गाडी. तिनं मना भाडा द्यावाचा, का मी तिला?"

"माझाबी शेत गेला ना, आक्का."

"मंग तू येडा हायस."

मुकादम येडे होतेच. ते कुठेही जायचं नसलं तरी रोज एक तिकीट काढायला लागले. मग त्यांच्याच मनाने घेतलं की तिकीट काढून न जाणं हा खोटेपणा आहे. म्हणून ते रोज वसईला जाऊन परत यायला लागले. वसईच्या फलाटावर उतरायचे, बाहेर रस्त्यावर चहा प्यायचे, परतीच्या गाडीची वाट बघायचे. कधी कधी मला माझ्या ऑफिसच्या खिडकीतून खालच्या रस्त्यावर त्यांची छत्री दिसायची आणि माझं कामात लक्ष लागायचं नाही.

गावात त्यांची टिंगल सुरू झाली. टिंगल परवडली, पण पुढे पुढे लोक वेगळंच बोलायला लागले. धाकटी घरात बसून होती. थोरलीच्या वेळी लग्न लावून दिलं ते एक वेळ ठीक. हिला आलेली दोन चांगली स्थळं मुकादमांनी "गाडी येतेय, ती शिकाला जानार" असं सांगून परत पाठवली. एक वर्ष जात आलं. कॉलेज नाही, लग्न नाही. बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, गाडीच्या नादात बापाने पोरगी कुजवली. मुकादमांच्या बायकोला ते ऐकू यायचं, म्हणजे ऐकू जावं म्हणूनच त्या बोलायच्या.

धाकटी माझ्या खोलीत यायची. माझा कालचा पेपर आज वाचायची, अगदी टेंडरच्या नोटिसांसकट. एकदा मी तिला म्हटलं, "बाई गं, तू बाबांवर रागावत नाहीस?"

"रागावतंय ना," ती पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाली. "पन त्यांच्यावर रागवाला बी कोन पायजे? आयस रागावते, आक्का रागावते, गाव रागावतो. मी कवा रागावू?" मग जरा वेळाने म्हणाली, "ताय, खरा सांग. येल का गाडी?"

मी म्हटलं, येईल. आणि माझ्या मनात आलं की ही पोरगी एकोणीस-वीस वर्षांची होऊन याच पडवीत पेपर वाचत बसली तर त्याला मीही जबाबदार असेन. अर्ज मीच लिहीत होते ना. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं की मुकादमांना समजावायला पाहिजे. हे म्हणाले, "कुणी? तू?" आणि कूस बदलून झोपले.

त्याच वैशाखात मुकादमांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी भिवंडीच्या अलीकडची, याच लाइनवरची. मुलगा स्वतः टेम्पो चालवायचा, त्याचे दोस्त टेम्पोवालेच. चार टेम्पो सहज उभे राहिले असते. मुकादमांनी जाहीर केलं, वऱ्हाड गाडीने जाणार. आणि हॉल्टवरून प्रत्येकाचं तिकीट काढून जाणार. सगळ्यांचं तिकीट मुलाचा बाप काढणार, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. फुकट ते पौष्टिक. मुलाने हळदीच्या अंगाने दोनदा रुसून बघितलं, मग तोही गप्प बसला.

मुकादमांनी एजंटाला आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं, तिकिटं जास्त आण. आता हे एजंटाचं गणित समजून घ्यायला हवं. तो वसईहून आगाऊ पैसे भरून तिकिटांची गड्डी आणायचा आणि मग विकायचा. विकली नाहीत तर पैसे अडकून पडायचे. दोन वर्षं तो रोज मुकादमांची तीच टकळी ऐकत होता. त्याला वाटलं, नेहमीचंच आहे, शेवटी गाव चढणार ते तसंच. त्याने नेहमीपेक्षा थोडी जास्त आणली आणि स्वतःवरच खूश झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉल्टवर दीडशे माणूस. नवऱ्यामुलाला बाशिंग, करवल्यांच्या डोक्यात मोगरा, बँडवाले ताशा तापवतायत. मुकादम धोतर, कोट आणि गुलाबी फेट्यात. असे देखणे दिसत होते! तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस तरुणपणी कसा असेल. ते खिडकीशी उभे राहून तिकिटं घेत होते आणि हातोहात वाटत होते. निम्मं वऱ्हाड झालं आणि एजंटाने खिडकीतून दोन्ही रिकामे हात बाहेर काढून दाखवले.

"संपली."

"संपली म्हंजे?"

"म्हंजे संपली, मुकादम. माज्या आयशीची शप्पत, येवढी कवा लागलीच नाय."

तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. गाव चढायला पुढे सरकलं, जसं रोज चढायचं तसं. आणि मुकादम फलाटाच्या कडेला छत्री आडवी धरून उभे राहिले.

"तिकीट हाय त्यानंच चढाचा. बाकीच्यांनी थांबाचा."

मला वाटलं थट्टा आहे. सगळ्यांनाच वाटलं. मग मुलाच्या मामाला त्यांनी छातीला हात लावून मागे सारलं तेव्हा गलका झाला. एजंट हातापाया पडायला लागला, मी गार्डला सांगतो, मी भरतो नंतर. गाडी थांबली. गार्ड डब्यातून वाकून ओरडला, "अरे चढा ना लवकर, लग्नाची माणसं तुम्ही! कोण विचारतंय तुम्हाला तिकीट?"

"मी इचारतंय," मुकादम म्हणाले.

ज्यांच्या हातात तिकीट होतं ते चढले. नवरामुलगा चढला, करवल्या चढल्या, मुकादमांची बायको चढली. आणि मग मागून धापा टाकत धवलारीण आली. त्यांच्याकडे लग्नातले सगळे विधी आणि गाणी तीच बाई चालवते, ती नसेल तर हळद उतरत नाही की नवरी मांडवात येत नाही. तिच्या हातात तिकीट नव्हतं. मुकादमांनी कोटाच्या खिशातून आपलं तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं आणि तिला वर चढवलं.

बायको दारात उभी होती. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "आवं, काय करताव? पोराचा लगीन हाय! पोराचा!"

गाडी हलली. मुकादमांनी हात वर केला. मी खाली राहिले होते, माझ्याही हातात तिकीट नव्हतं.

राहिलेलं वऱ्हाड शिव्या देत हायवेकडे निघालं, मिळेल तो टेम्पो पकडायला. मुकादमांना चला म्हणाले. ते म्हणाले, "दोन वरसं लोकांना सांगतंय गाडीनं जावा. आथा मी टेंपोनं जाव?" कुणीतरी जाताना त्यांच्यासमोर थुंकलं. एजंट सायकल काढून वसईला तिकिटं आणायला पळाला. दिव्याकडे जाणारी पुढची गाडी दुपारी होती. फलाटावर आम्ही दोघंच उरलो. मी जाऊ शकले असते. पण फेटा बांधून एकटा बसलेला मुलाचा बाप मागे टाकून कसं जायचं?

मला त्यांचा राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "काका, एका दिवसाने काय बिघडणार होतं? हा हट्ट कुणासाठी?" बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "कती वाजलं?"

"बारा वाजून गेले."

"मुरत बारा बत्तीसचा हाय. बत्तीस झालं की सांग."

मी घड्याळाकडे बघत राहिले. बारा बत्तीसला सांगितलं. मुकादम उठले, कोटाच्या दुसऱ्या खिशातून रुमालात बांधलेल्या अक्षता काढल्या, अर्ध्या माझ्या ओंजळीत दिल्या. गाडी ज्या बाजूला गेली होती त्या बाजूला तोंड करून त्यांनी रुळांवर अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी माझ्या बोलण्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाच्या शेवटच्या पंगती बसत होत्या. मुलगा बापाकडे बघेना. सून, तिला काय माहीत घरात काय चाललंय, ती वाकून पाया पडली. बायको पुढचे तीन आठवडे मुकादमांशी बोलली नाही. ताट आपटून ठेवायची. मुकादम मुकाट्याने जेवायचे.

पण लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी हॉल्टवर गेले तर एजंटाच्या खिडकीपुढे आक्का उभी. टोपली डोक्यावर, कमरेचा बटवा सोडून चिल्लर मोजत होती. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर माझ्यावरच डाफरली. "काय बगतस? जमिनीचा मी इसरली नाय, मरेपरत इसरनार नाय. पन ज्यानं तिकीट नाय म्हून पोराच्या लग्नात पाय ठेवला नाय, त्याच्या म्होरशी फुकट कशी जाऊ? माझ्या तोंडात शेन नाय घालनार कोन?" तिच्या मागे आणखी पाचसहा जणी होत्या. फलाटाच्या टोकाला भेंडीखाली मुकादम बसले होते, दुसरीकडे बघत. आठवडाभरात रांग लागायला लागली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, आणि पहिल्यांदाच विचारायची गरजही उरली नव्हती. एजंट आता मोठी गड्डी आणायला लागला आणि वर "मी आधीपासून म्हणत होतो" असं सांगायला लागला.

अर्ज आम्ही पुढेही केले. घरच्यांची खुशाली विचारतच केले. एके दिवशी उत्तर आलं, टाइप केलेलं. खाली पेनाने एक ओळ होती: 'घरी सर्व कुशल.' मुकादमांनी ती ओळ मला चारदा वाचायला लावली. गाडी मंजूर झाल्याचं वर टाइप केलेलं होतं, ते नंतर.

गाडी सुरू झाली पुढच्या वर्षी जूनमध्ये, शाळा-कॉलेजं उघडायच्या सुमाराला. सकाळी पावणेसातची. धाकटीची तोवर दोन वर्षं वाया गेली होती. अकरावीला ती सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी सगळं गाव हॉल्टवर लोटलं. इंजिनाला हार, नारळ, पेढे, ड्रायव्हरच्या कपाळाला हा मोठा टिळा. जो तो सांगत होता, आम्ही गाडी आणली. टेम्पोवाला मुलगा सर्वांत पुढे. मुकादमांना पुढे बोलवायला माणसं आली तर ते म्हणाले, "मना बगू द्या," आणि फलाटाच्या शेपटाकडे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बगू द्या म्हणाले खरे, पण गाडीकडे त्यांनी पाठ केली होती आणि खाजणाकडे तोंड. छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात.

धाकटी नव्या पंजाबी ड्रेसमध्ये आली, खांद्याला पर्स, हातात वही. आईच्या पाया पडली, माझ्या पडली. बापाच्या पाया पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकीट?" तिने पास दाखवला. ती चढली, खिडकीशी बसली. तिच्या शेजारी आणखी तीन पोरी, गावातल्याच, दोन तर अजून फ्रॉकमधून बाहेर न आलेल्या. गाडी सुटली, ताशा वाजला, लोक ओरडले. शेवटचा डबा निघून गेला तरी मुकादम तसेच पाठमोरे उभे होते.

मग हळूच म्हणाले, "गेली?"

"गेली."

"मागं पायला का गं तिनं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. इतक्या वर्षांचे अर्ज, शिंपल्या, ते लग्न, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण या माणसाशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं. म्हटलं, "नाही हो काका. शेजारच्या पोरींशी बोलत होती. हसत होती."

"बरा झाला," ते म्हणाले. मग छत्री काखेला मारली. "थोरली बगत होती. लग्नाच्या टेंपोतशी. पार वलनापरत."